शंकोबाचा वहीम

पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही की बसायला सांगितलं नाही. दोन्ही हात पुढे करायला लावले आणि वाकून वास घेतला.

"क्रीम लावता?"

"थंडी आहे, हात फुटतात," मी म्हणाले.

"फुटू देत. क्रीम लावून या खोलीत यायचं नाही."

मी डॉक्टरेट मिळवलेली, दोन प्रयोगशाळांत काम करून आलेली बाई. आणि निळ्या डगल्यातले हे गृहस्थ मला शाळेतल्या पोरीसारखे हात दाखवायला सांगत होते. नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी मुकाट्याने हात धुऊन आले, कारण ते त्या खोलीत सत्तावीस वर्षं होते आणि मी सात मिनिटं.

संस्थेत त्यांना समोर सगळे काका म्हणत आणि पाठ फिरली की शंकोबा. ते तंत्रज्ञ होते. आमचं यंत्र चालतं ठेवणं, त्यात नमुने बसवणं आणि त्याच्या जवळपास फिरकणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघणं, एवढी त्यांची कामं. यातलं तिसरं त्यांना कुणी नेमून दिलं नव्हतं, पण ते त्यात सर्वांत तरबेज होते.

यंत्र म्हणजे खोलीभर पसरलेल्या स्टीलच्या नळ्या, जाड काचेच्या गोल खिडक्या आणि शेकडो बोल्ट. आत हवा जवळजवळ नाहीच. पंप रात्रंदिवस ती ओढून काढत असतात. मधोमध नखाच्या तुकड्याएवढा स्फटिक बसवायचा आणि त्यावर अतिनील प्रकाश सोडायचा. प्रकाश पडला की स्फटिकातून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. ते कुठून उडाले, किती उडाले, केवढी ऊर्जा घेऊन उडाले, हे पकडून पडद्यावर चित्र उमटतं. त्या चित्रावरून पदार्थात इलेक्ट्रॉन कसे नांदतात ते आम्ही वाचतो. मेख अशी, की बाहेर येतात ते फक्त अणूंच्या वरच्या दोन-तीन थरांतले. त्याखाली काय आहे याचा या यंत्राला पत्ता नसतो. माणूस वरवरचं बघतो म्हणून आपण नावं ठेवतो. माझं तर पोटच वरवरचं बघण्यावर चालतं.

पण म्हणूनच त्या वरच्या थरावर काही बसून चालत नाही. श्वास नको, तेलाचा अंश नको, बोट तर नकोच नको. त्यासाठी एक युक्ती करतात. स्फटिकाच्या डोक्यावर चांदीच्या गोंदाने एक इवलीशी खुंटी चिकटवतात. यंत्राच्या आत गेल्यावर एका दांड्याने त्या खुंटीला टोला मारायचा. खुंटी उडते, जाताना वरचा पापुद्रा घेऊन जाते आणि खाली जगात कुणीच न पाहिलेला कोरा पृष्ठभाग उघडा पडतो. एका स्फटिकाला टोला एकच. चुकला तर महिनाभराची मेहनत पाण्यात. तो टोला काका मारायचे आणि मारताना खोलीतल्या सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं असा त्यांचा हुकूम होता. स्टीलच्या भिंतीपलीकडे आपला आवाज काय करणार, असं मी एकदा विचारलं. "काही करत नाही याचा पुरावा आहे?" हे उत्तर आलं.

हा स्वभाव त्यांनी पहिल्या नोकरीतून आणला होता. विशीत ते फ्रिजच्या कारखान्यात लागले. तिथे काम एकच. नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का बघत बसायचं. सहा वर्षं हा माणूस दिवसाला तीनशे जोडांकडे 'तू गळतोस ना?' अशा नजरेने बघत होता. पुढे माणसांकडे बघायची वेळ आली तेव्हा नजर बदलायची राहून गेली. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे. बायको शिवणकाम करायची. तिने बेतलेल्या कापडावर हे पट्टी घेऊन बसायचे. "लग्नाआधी माझीही मापं तीनदा तपासली असतील," असं ती माऊली मला हसत सांगायची. मुलीच्या लग्नाच्या वेळी तर ते जावयाची डिग्री खरी आहे का, हे विद्यापीठात जाऊन विचारून आले होते. जावई अर्थातच दुखावला. आणि दैव असं, की तोच जावई पुढे आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावरच्या गटात लागला. तो गट आमच्याच पदार्थावर काम करत होता आणि आमच्या पुढे जायला टपलेला होता.

आता माझी गोष्ट. माझी नेमणूक पाच वर्षांची होती आणि त्यातलं पाचवं चालू होतं. वर्षअखेर समिती बसणार, काम बघणार आणि कायम करायचं की निरोप द्यायचा ते ठरवणार. हातात दाखवण्यासारखं काही नव्हतं, आणि मग ती बेटं दिसली.

माझ्याकडे दोन प्रकारचे स्फटिक होते. एक साधे आणि दुसरे, ज्यात वाढवतानाच एका धातूची चिमूट मिसळलेली होती. त्यांना आम्ही भेसळीचे म्हणायचो. दिसायला दोन्ही सारखेच. साध्यांची चित्रं मी आधीच घेऊन ठेवली होती, सगळी सपाट करडी. भेसळीच्या पहिल्या स्फटिकाला टोला बसला, आत नेहमीप्रमाणे थोडा शेक दिला, आणि पडद्यावर करड्या रंगात उजळ ठिपके उगवले, समुद्रात बेटं असावीत तसे. त्या बेटांवर इलेक्ट्रॉन अशा ऊर्जेला होते जिथे साध्या स्फटिकात कुणीच नसतं. दुसऱ्या नमुन्यात बेटं होती. तिसऱ्यातही होती. चिमूटभर धातूने पदार्थाचं घरच बदलून टाकलं होतं आणि हे आधी कुणी पाहिलेलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठून अक्षरशः नाचले.

काका खिडकीतून आत बघत म्हणाले, "मला पटत नाही."

"काय पटत नाही?"

"ते सांगता येत नाही. वहीम आहे."

मी हसून सोडून दिलं. शंकोबाला कशाचा वहीम येत नाही?

पण पुढच्या दोन महिन्यांत हसू मावळलं. मी नमुने बसवायला सांगितले की ते चालढकल करायला लागले. "आज नको, उद्या बघू." मी खोलीत शिरले की दोन्ही हात डगल्याच्या खिशात. पूर्वी खुंटी चिकटवताना मला शेजारी उभं करायचे. आता दार लोटून एकटेच चिकटवायचे आणि तासभर लावायचे. एकदा जिन्यात जावयाशी हळू आवाजात बोलत होते, मला पाहिल्यावर दोघंही गप्प झाले. ज्या जावयाशी हे वर्षानुवर्षं कामापुरतंच बोलत, त्याच्याशी जिन्यात कसलं गूळपीठ?

मग नोंदवही. यंत्रावर काय केलं ते प्रत्येकाने एका जाड वहीत लिहायचं असतं. पानं चाळताना दिसलं, की माझ्या भेसळीच्या प्रत्येक नमुन्याच्या ओळीपुढे, अगदी समासाच्या कडेला, पेन्सिलीने बारीक 'व' काढलेला आहे. इतर कुणाच्या नमुन्यापुढे नाही. अक्षर काकांचं. व म्हणजे काय? दोन दिवस माझ्या डोक्यात हेच. तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना उत्तर सुचलं. व म्हणजे वाटला! माझ्या नमुन्यांची माहिती हे खाली वाटतायत आणि हिशेब चुकू नये म्हणून खूण करतायत.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "चोर आपल्याच वहीत खूण करून ठेवेल होय? तू आणि तुझे शंकोबा एकमेकांना अगदी शोभता." मला त्याचा इतका राग आला, की त्या दिवशी मी त्याच्याशी बोललेच नाही.

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. पहिल्या दिवशी ज्या माणसाने माझ्या हातांचा वास घेतला, त्याच्या मागे आता मी वास काढत फिरत होते. एका दुपारी दाराच्या काचेतून मी बघितलंच. काका नमुन्यांच्या कपाटापुढे उभे. एका छोट्या डबीवरची चिठ्ठी नखाने सोलत होते, नंबर काचेतून वाचता येत नव्हता. हात कापत होते. चोरी करताना कापणारच, असं मी मनात म्हटलं. चिठ्ठी सोलून झाली, दुसऱ्या डबीवर चिकटली आणि पहिली डबी खिशात गेली.

आत जाऊन गचांडी धरावी असं वाटलं. पण मी थंड डोक्याने ठरवलं, की आधी सतरा नंबरचा नमुना मोजायचा आणि मग संचालकांकडे रीतसर तक्रार करायची. सतरा नंबर माझा सर्वांत चांगला भेसळीचा स्फटिक होता. लेखातलं शेवटचं चित्र त्याचंच येणार होतं.

दोन दिवसांनी सतरा आत गेला. टोला बसला, शेक दिला. पडद्यावर बेटं आली, आजवरची सगळ्यात ठसठशीत. मी सकाळपासून दुपारपर्यंत मोजमाप घेतलं. सगळं जुळलं. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच डोळ्यांनी मी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या खिडकीत काकांविरुद्धचा तक्रार अर्ज लिहिला. हे लिहायला लाज वाटते, पण झालं ते असंच.

काका शेजारी स्टुलावर बसून होते. "झालं मोजून?" त्यांनी विचारलं.

"झालं. आता तरी पटलं? सतरा नंबर आहे हा. बघा, कशी बेटं आहेत."

त्यांनी खिशातून एक डबी काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "हा तुमचा सतरा नंबर."

मी ताडकन उठले. "मला माहीत होतं! मी बघितलंय तुम्हाला! चोरलात तुम्ही तो!"

"हो," काका म्हणाले. "मग आत काय आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. मग कळला. पडद्यावरची बेटं तशीच झगझगत होती.

"साधा आहे," ते म्हणाले. "बिनभेसळीचा. चिठ्ठी तुमच्या सतराची लावली."

तळपायाची आग मस्तकाला गेली. मी त्यांना काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मला फसवलंत, माझ्या कामाचा तमाशा केलात, जावयासाठी माझं वाटोळं करायला निघालात, असं बरंच. ते ऐकून घेत होते. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही वेगळ्या डोळ्यांनी बघितलं असतं," एवढंच म्हणाले. राग उतरायला लागला तशी खाली भीती दिसायला लागली. साध्या स्फटिकावर बेटं येत असतील तर ती भेसळीची नाहीत. मग ती कशाची?

त्यांनी नोंदवही उघडली आणि तीन महिन्यांपूर्वीचं पान काढलं. तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'हीटरची तार तुटली. बदलली. कडीचा स्क्रू बसवला.' आणि समासात पहिला 'व'.

"व म्हणजे?" मी विचारलं.

"वहीम. दुसरं काय?" त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "तुम्ही काय समजलात?"

मी वहीतल्या तारखा बघायला लागले.

माझी साध्या स्फटिकांची सगळी चित्रं त्या दुरुस्तीच्या आधीची होती. भेसळीची सगळी नंतरची. मधे एकदा साधा स्फटिक पुन्हा मोजून बघायचा, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगतात. मी बघितला नव्हता. बेटं इतकी सुंदर होती, की बघायची गरज वाटली नाही.

आम्ही जुनं मोजमाप बाहेर काढलं. क्ष-किरण सोडले की पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं आहेत ते कळतं. प्रत्येकाचं ठरलेल्या जागी एक टेकाड उमटतं. सोडियमच्या जागी, माझ्या प्रत्येक भेसळीच्या नमुन्यात, अगदी लहानसं टेकाड होतं. मी ते आलेखाची खरखर समजून गुळगुळीत करून टाकलं होतं. सोडियम म्हणजे मीठ. मीठ म्हणजे घाम. हीटरभोवतीच्या कडीला कुणाच्या तरी बोटाचा घाम लागला होता. शेक दिला की मीठ उडून कोऱ्या पृष्ठभागावर ठिपक्या-ठिपक्यांनी बसायचं. सोडियम बसलं की तो पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सोडायला एकदम उदार होतो आणि तेवढा भाग उजळ दिसतो. माझं नवं जग एका बोटाच्या घामातून उगवलं होतं.

"जावयाशी काय बोलत होतात?" मी विचारलंच.

"त्यांच्या यंत्रात एक साधा मोजून देतोस का, असं विचारत होतो. नाही म्हणाला. डिग्रीचं अजून विसरलेला नाही."

यंत्र उघडलं. कडी बदलली. नवे स्क्रू मी बसवले, हातमोजे घालून, काका मागे उभे राहून. बंद करून आठवडाभर तापवलं. मग साधा स्फटिक मोजला, तो करडा निघाला. मग खरा सतरा नंबर आत घातला. खुंटी मी चिकटवली होती आणि टोलाही त्यांनी मलाच मारायला लावला. मनात मी देवाला नाही नाही ती आमिषं दाखवत होते. पडदा उजळला. या कडेपासून त्या कडेपर्यंत करडा, एक ठिपका नाही. मी तिथेच बसून रडले. काकांनी समजूत घातली नाही. त्यांनी वहीत ओळ लिहिली आणि पुढे 'व' काढला नाही.

लेख थांबवायचा म्हटल्यावर संचालकांना कारण लिहून देणं आलं. तोच कागद आठ दिवसांनी माझ्या समितीपुढे जाणार होता. पुढचं आत्ताच सांगून टाकते: मला कायम केलं नाही, वर्षभराची मुदत मिळाली. काकांना निवृत्तीला दोन वर्षं असताना यंत्रावरून काढून भांडारात बसवलं. तिथे ते आलेल्या प्रत्येक खोक्याकडे संशयाने बघतात. पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. संचालकांच्या खोलीत मी माझा कागद वाचून दाखवला. मी फार विचार करून लिहिला होता. कुणाला इजा होऊ नये अशा बेताने.

"'दुरुस्तीच्या वेळी हीटरच्या कडीला उघडा हात लागला,'" मी वाचलं.

काकांनी कागद मागून घेतला. टेबलावरचं पेन उचललं आणि 'लागला'वर रेघ मारली.

"लागतो तो चुकून," ते म्हणाले. "मी हात लावला. हातमोजा घालून तो बारका स्क्रू धरता येत नव्हता. तीनदा पडला. मग मोजा काढून बाजूला ठेवला आणि हात लावला. नंतर स्पिरिटने पुसलं. वाटलं, निघालं असेल."

'वाटलं' हा शब्द त्यांच्या तोंडून मी तोवर कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या कुणी तो उच्चारला तर ते त्याला खोलीबाहेर काढायचे.

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" संचालकांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही हात बघायला मागितले असते."

असं म्हणून त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. ते थरथरत होते. काच ठेवलेल्या टेबलावर बोटांचा बारीक टकटक आवाज येत होता आणि तो थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. दार लोटून चिकटवलेल्या खुंट्या, ते खिसे, ती चिठ्ठी सोलणारी नखं, सगळं मी बघितलं होतं. इतके दिवस मी या माणसावर नजर ठेवून होते आणि मला फक्त चोर दिसला. संचालक खिडकीबाहेर बघायला लागले. मला माझी लाज वाटली.

काकांनी कसंबसं 'लागला'च्या जागी 'तंत्रज्ञाने लावला' असं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. मग त्यांची नजर पुढच्या ओळीवर गेली आणि तिथेच थांबली. मला ती नजर ओळखीची होती. जोडाकडे बघायची नजर.

"'साध्या स्फटिकाचं मोजमाप पुन्हा करायचं राहून गेलं,'" त्यांनी सावकाश वाचलं. "मॅडम, हे कुणाकडून राहून गेलं?"

समिती आठ दिवसांवर होती. ते हे जाणून होते आणि तरी त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. ते हातात हलत होतं, म्हणून मी पटकन घेतलं. 'राहून गेलं' खोडलं आणि वर लिहिलं, 'मी केलं नाही.'

अक्षर माझंही सरळ आलं नाही.